लाल दोऱ्याचा तांब्या

मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे.

मुरलीधर,

काल तुझा दहावा झाला. बेलापूरला प्रवरेच्या घाटावर पिंड मांडला आणि मंडळी मागे सरकण्यापूर्वीच कावळा शिवला. सर्वांना समाधान वाटले. गुरुजी म्हणाले, ‘काही इच्छा राहिली नव्हती.’ अशा वेळी जवळच्या माणसाने हात जोडून मनात काही कबूल करायचे असते. ते वाक्य मी दोन दिवस जुळवत होतो. त्याचा पहिला शब्द मनात येण्यापूर्वीच कावळा भात घेऊन उडाला. तुला माझ्याकडून काहीच नको होते. इतरांना यात समाधान दिसले, मला दिसले नाही.

म्हणून हे कागदावर लिहीत आहे. पावती आणि पत्ता यापलीकडे मी कधी काही लिहिले नाही, हे तुला ठाऊक आहे. हे कोण वाचेल ते अजून ठरलेले नाही. कोणी वाचलेच तर त्याला सर्व समजावे, यासाठी तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. त्या सहन कर.

भिंगारच्या बाजारात आपले पॉलिशचे दुकान होते. दोन भावांचे. आपल्याकडे तीन चाके होती. पहिले तारेचे, ते काजळी आणि गंज खरवडून काढी. दुसरे सुतळीचे, टणक. त्याला पॉलिशच्या मसाल्याची कांडी टेकवली की चरे जिरत. तिसरे सुती कापडाचे. झळाळी त्याच्यामुळे येई. मोटार एक, दांडा एक. कामाप्रमाणे चाक बदलायचे. बदलायला दहा मिनिटे लागत. या दहा मिनिटांकडे पुढे परत यावे लागणार आहे.

बाजारातून आणलेले सुती चाक तुला पसंत नसे. धुऊन विरलेल्या कापडाच्या गोल चकत्या कापून, पन्नास-साठ एकावर एक रचून, मधल्या भोकापासून कडेपर्यंत टाके घालत तू स्वतः चाक शिवायचास. आई गेल्यावर तिची दोन सुती लुगडी तू मागून घेतलीस. मी समजलो, आठवण म्हणून ठेवशील. चार दिवसांनी त्यांचे चाक झालेले दिसले तेव्हा मी तुला चारचौघांत बोललो.

‘आईच्या लुगड्यानं भांडी घासतोस?’

‘जलमभर तिनं त्येच केलं, दादा. आता निदान हात तरी मोकळं हायेत तिचं.’

ते चाक तू फक्त देवांसाठी ठेवलेस. लोकांच्या देव्हाऱ्यातले बाळकृष्ण, खंडोबाचे टाक, अन्नपूर्णा. इतके मऊ चाक माझ्या हाताखालून दुसरे गेले नाही. हे मी तेव्हा म्हणालो नव्हतो. आता म्हणतो.

दुसरी गोष्ट माझ्या बोटाची. एका देवळाची घंटा कामाला आली होती. तिच्या कडीत सुतळीचा तुकडा राहून गेलेला मला दिसला नाही. तो फिरत्या दांड्यात गुंतला, घंटा गरकन फिरली आणि माझा उजवा हात आत ओढला गेला. तू लाकडी दांडक्याने मोटारीचा पट्टा उडवलास. हात वाचला, पहिल्या बोटाचे एक पेर गेले. दवाखान्याकडे रिक्षात जाताना मी दात आवळून बसलो होतो आणि तू माझा हात तुझ्या बनियनमध्ये गुंडाळून धरला होतास.

‘एक पेरच गेलंय, दादा. तंबाखू मळायला आंगठा शाबूत हाय, तेवढं बास.’

रिक्षावाला हसला. मी हसलो नाही. पण वेदना तेवढ्यापुरती कमी झाली होती, हे खरे.

त्या दिवसापासून मी नियम केला. चाकाजवळ दोरा, सुतळी, लोंबती बाही, काहीही येता कामा नये. दिसला दोरा की कापायचा. नियम चुकीचा नव्हता. पुढे माझ्या हातून जे झाले ते मी या नियमाच्या आड लपवले, म्हणून तो आधी सांगितला.

तुझा नियम माझ्या नियमाहून जुना होता. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. टोच्या आणि हातोडीने, टिंबाटिंबांनी. माणूस जातो, भांडे मांडणीवर राहते. असे नावाचे भांडे दुकानात आले की तू त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधायचास. लाल दोऱ्याचे भांडे चाकावर चढणार नाही. त्याला चिंच, राख आणि हात.

यावरून आपला वाद कित्येक वर्षे चालला. मी म्हणायचो, हलक्या हाताने धरले तर चाक नाव खात नाही. धरणाऱ्याला अक्कल पाहिजे.

‘खातंय, दादा. एका येळंला कळत न्हाई, येवढंच. आन् तुमी नावातलं काळं बी काढता. काळं राहिलं तरच अक्षर दिसतंय.’

‘गिऱ्हाईक चकाकी मागतं. काळं ठेवायचे पैसे कोण देतं?’

‘मागत न्हाईत. म्हनून तर आपन ठिवायचं.’

वाद तेथेच थांबायचा, कारण मी उठून जायचो. मोठ्या भावाला ती सोय असते.

एकोणीस वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, कौसाबाई तांब्या घेऊन आल्या. त्या तेव्हा लष्करी वस्तीतल्या घरांमध्ये स्वयंपाकाला जात. माहेर पाथर्डीकडचे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. बापाने लग्नात दिलेली एकच वस्तू म्हणजे हा पत्र्याचा पितळी तांब्या. आता त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि तांब्या तिच्या रुखवतात मांडायचा होता. त्याच्या खांद्यावर नाव होते: ‘कौसल्येस रंगनाथकडून.’

‘नावाला धक्का लावू नका बरं का, मुरलीभाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या बापाचं नाव दुसरीकडं कुठंच लिवलेलं न्हाई. ना शाळंत, ना जमिनीवर. फोटू बी न्हाई. कारखान्याच्या बाजारात नाव घालनारा बसायचा, त्याच्याकडनं घालून घेतलं. शेवटचा ठोका मला मारू दे म्हनला. हातात कोयता धरनारा मानूस, टोच्या कुठला धरता येतोय. घसरला. ह्यो बघा, ह्यो टिपका वळीच्या खाली पडलाय. ह्यो त्याचा.’

तू त्या टिंबावरून अंगठा फिरवलास आणि लाल दोरा बांधलास. मी शेजारी बसलो होतो. मी सर्व ऐकले होते. हे नीट लिहून ठेवतो: मला माहीत नव्हते असे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू जेवायला घरी गेलास. माझ्यासमोर एका स्वयंपाक्याच्या भांड्यांचा ढीग होता आणि दांड्यावर सुतळीचे टणक चाक होते. ढीग संपला. फळीवर तांब्या उभा होता. मी कात्रीने त्याचा दोरा कापला. सुती चाक चढवायला दहा मिनिटे लागली असती. मी ती दिली नाहीत. नाव टाळून फक्त पोटाकडचा भाग फिरवावा, असा विचार होता. पत्रा पातळ होता, तापला, बोटात सरकला. हे सर्व होत असताना मी थांबू शकत होतो.

मोटार बंद केली तेव्हा तांब्या सोन्यासारखा दिसत होता. खांदा कोरा होता.

तू परत आलास. तांब्या पाहिलास, कात्री पाहिलीस, खाली पडलेला दोरा पाहिलास. मी पावत्या लावत बसलो. संध्याकाळी कौसाबाई आल्या. त्यांनी तांब्या दोनदा फिरवून पाहिला. मग तिसऱ्यांदा.

‘ह्यो माझा न्हाई,’ त्या म्हणाल्या.

‘तुमचाच आहे,’ मी म्हणालो.

त्यांनी खांद्यावरून हात फिरवला. मग विचारले, ‘कुनाच्या हातनं झालं?’

मी म्हणालो, ‘पॉलिश मुरलीकडे असते.’

या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. याहून खोटे वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

तुझ्या तोंडाला फडके होते, पापण्या चाकाच्या धुळीने काळ्या झालेल्या. तू माझ्याकडे पाहिले नाहीस. तोंडावरचे फडके खाली ओढून म्हणालास, ‘चुकलं, बाई.’ त्या तुला जे बोलल्या ते बाजाराने ऐकले. त्या गेल्यानंतर दुकानात आपण दोघेच राहिलो.

‘दादा, दोरा कुनी कापला?’

‘चहा सांग,’ मी म्हणालो.

तू चहा सांगायला गेलास. एवढेच आपले त्या विषयावरचे बोलणे.

मी का बोललो नाही, याची कारणे मी अनेक वर्षे तयार करत आलो आहे. दुकानाचे नाव जाईल. मोठ्याचा शब्द बाजारात हलका होईल. धाकट्याला लोक विसरतात, मोठ्याला विसरत नाहीत. कारणे मजबूत होती. मी ती इतक्यांदा घासली की त्यांवर एक डाग राहिला नाही.

बाजार तुला विसरला नाही. नावाची भांडी येणे थांबले. समोरचा चहावाला एकदा सर्वांदेखत म्हणाला, ‘मुरलीशेठ, जरा माझ्या सातबाऱ्यावरचं चुलत्याचं नाव बी घासून द्या की. काय लागंल ते देतो.’ बाकडी हसली. तूही थोडा हसलास, कारण विनोद चांगला होता. मीही हसलो. माझे हसणे तू ऐकलेस, हे मी तुझ्या कपावर थांबलेल्या हातावरून ओळखले.

सहा महिन्यांनी तू बेलापूरला सासुरवाडीच्या गावी जायचे ठरवलेस. भांडण झाले नाही. झाले असते तर मला रागावता तरी आले असते. तीन चाकांपैकी एकही तू मागितले नाहीस. फक्त आईच्या लुगड्याचे चाक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलेस आणि विचारलेस, ‘ह्ये नेऊ का?’ तुझ्या वस्तूसाठी तू माझी परवानगी मागितलीस. मी दिली.

नऊ वाजत आले. आज अकरा दिवसांनी दुकान उघडायचे आहे. पुढचे नंतर.

दुपारचे पावणेतीन.

सकाळी हे लिहिताना एक प्रसंग टाळला होता. तो आधी लिहितो.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या छातीचे दुखणे पहिल्यांदा निघाले तेव्हा मी बेलापूरला आलो होतो. तू ओसरीत खाटेवर होतास. तुझी बायको सुमन आत होती. मी बळ करून म्हणालो, ‘मुरली, तो तांब्या...’

तू म्हणालास, ‘दादा, पानी तापलंय. आधी आंघूळ उरका.’

मी उठून आंघोळीला गेलो. पाणी खरोखरच तापलेले होते. तू मला वाचवलेस की तुला ते ऐकायचेच नव्हते, हे मला समजले नाही. आता समजणार नाही. बाहेर आलो तेव्हा तू विषय ऊसदराचा काढला होतास आणि मी तो हायसे वाटून पुढे चालवला.

आता कालचे.

घाटावर कौसाबाई आल्या. भिंगारहून एस.टी.ने, एकट्या, सत्तरीच्या बाई. मला वाटले, लोकाचार म्हणून आल्या. त्यांनी पिशवीतून तांब्या काढला, नदीत बुडवून भरला आणि तुझ्या पिंडापाशी पाणी सोडले. पितळ काळपटले होते. खांद्यावर टिंबे होती. ‘कौसल्येस रंगनाथकडून.’ शेवटचे टिंब ओळीखाली घसरलेले.

सुमनने विचारले तेव्हा त्यांनी बायकांना सांगितले आणि मी तेथेच उभा असल्याने मलाही ऐकावे लागले.

‘ह्या मानसानं माझ्या बापाचं नाव घालवलं हुतं. लेकीच्या रुखवतात म्या तांब्या मांडलाच न्हाई. कोरं भांडं काय मांडायचं. ह्याला मी बाजारात उभं करून म्हनले हुते, तुझ्या हाताला कीड लागंल. तर दुसऱ्या वर्साला, संक्रांत झाली आन् दारात हुबा. म्हनला, बाई, तांब्या आना. म्या म्हनलं, आता काय राहिलंय त्यात? म्हनला, आना तर खरं. बोटाला त्याल लावलं, हात आत घातला आन् डोळं मिटून बसला. लई येळ. मंग म्हनतो, बाई, आत हायेत. टोच्यानं भाईर खड्डा पडला का आत उठाव येतो. चाक आत जात न्हाई.’

चार रविवार तू बेलापूरहून भिंगारला आलास. आतल्या बोटाने एक टिंब शोधायचे, बाहेर खडूने खूण करायची, टोच्या टेकवायचा. आतून लाकडाचा आधार देऊन हलका ठोका. घसरलेले टिंबसुद्धा तेथेच, तितकेच खाली. चारही वेळा तू आपल्या दुकानापासून दोनशे पावलांवर होतास. मला भेटला नाहीस. मला कळूही दिले नाहीस.

‘म्या म्हनलं, भाऊ, मी तुला लई वंगाळ बोलले हुते. तर म्हनला, चूक माझीच हुती, तुमी खुशाल बोला.’

त्यांच्याजवळही तू तेच सांगितलेस. दार बंद असताना, मी ऐकत नसताना, तुला काही गरज नसताना.

मग कौसाबाई माझ्याकडे वळल्या. ‘तुमच्या धाकल्या भावानं चूक केली, पर भरून बी दिली. व्हय का न्हाई, दादा?’

घाटावर तीस-चाळीस माणसे होती. सुमन माझ्याकडे पाहत होती. तुझा पिंड चार हातांवर होता.

मी म्हणालो, ‘हो.’

एकोणीस वर्षांपूर्वीच्या वाक्यापेक्षा हा एक शब्द मला अधिक लाजिरवाणा वाटतो. तेव्हा तू समोर होतास. तुला खोडून काढता आले असते.

आज साडेदहाला दुकानाचे दार ओढून घेतले आणि कौसाबाईंच्या घरी गेलो. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या. उठल्या, पाणी दिले. त्याच तांब्यातून. मी फुलपात्र खाली ठेवले.

‘बाई, हा चाकावर मी धरला होता.’

‘काय धरला हुता?’

‘तांब्या. मुरली जेवायला गेला होता. दोरा मी कापला.’

त्यांच्या हातात मेथीची काडी होती. ती त्यांनी जुडीत ठेवली नाही, खालीही टाकली नाही.

‘घाई हुती?’ त्यांनी विचारले.

मला त्या उतरायला पायरी देत होत्या. माझ्याजवळ ‘हो’ तयार होते, गेली एकोणीस वर्षे तयार होते. आपल्या दोघांत जे कधी बोलले गेले नाही ते प्रथमच त्या ओट्यावर माझ्या तोंडून बाहेर पडले.

‘नाही. ढीग संपला होता. मुरलीचा दोरा म्हणजे खुळेपणा आहे, हे मला त्याला दाखवायचे होते. चाकावर धरूनही नाव राहते, हे दाखवायचे होते.’

‘आन् मंग ऱ्हायलं न्हाई.’

‘नाही.’

‘आन् काल तुमी व्हय म्हनले.’

‘म्हणालो.’

‘तर आज कशाला आला? तुमचं वझं माझ्या उंबऱ्यात टाकायला?’

त्यांनी मेथीची पाटी बाजूला सारली. ‘माफी मागनार असाल तर मागू नका. मला काय करायचीय ती. त्या मानसाच्या हाताला कीड लागंल म्हनले मी. त्येच हात माझ्या बापाला हुडकीत बसले. आता मी ते कुनापुढं माघारी घेऊ?’ मग एकदम म्हणाल्या, ‘सुमनला ठावं हाय?’

‘नाही.’

‘लावा फोन. हितनंच लावा.’

मी लावला. सुमनने उचलला आणि पहिलेच विचारले, ‘दादा, जेवलात का?’

मुरली, ते मला फार कठीण गेले. तरी सांगितले. जसे झाले तसे, चाक कोणते होते तेही. सांगून झाल्यावर पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला.

‘त्यांनी मला बी न्हाई सांगितलं,’ सुमन म्हणाली. ‘भिंगार सोडलं तवा मी लई टाकून बोलले हुते त्यांना. म्हनलं, तुमच्या हातापायी आमाला गाव सोडायची पाळी आली. वरीसभर धड बोलले न्हाई मी. ते म्हनायचे, जाऊ दे, सुमन, हात हाय, चुकतो.’

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. बाजार, दुकान, गिऱ्हाईक, एवढेच नुकसान मी धरून चाललो होतो. तुझ्या घरात, तुझ्या ताटापाशी, मी वर्षभर बसलो होतो, हे आज कळले.

‘सुमन...’ मी म्हणालो.

‘मला एकटीला सांगून काय उपेग, दादा. परवा तेरावा हाय. भिंगारची मान्सं येनार हायेत. तो चहावाला बी येतो म्हनलाय. त्यांच्यापुढं सांगा.’

‘मला बोलता यायचे नाही. सकाळपासून लिहीत आहे. ते वाचतो.’

‘वाचा. पर पुरतं वाचा. मधलं गाळू नका.’

तिने फोन ठेवला. तिने मला ‘या’ म्हटले की नाही, हे मी अजून आठवून पाहत आहे. म्हटले नसावे. तरी जाणार आहे.

निघताना कौसाबाईंनी तांब्या माझ्या हातात दिला. ‘काळा पडलाय. तेराव्याला मी येते. ह्यातनंच पानी द्यायचं त्याला. घासून आना.’ मी पायरी उतरलो तेव्हा मागून म्हणाल्या, ‘हातानं.’

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

दुकानात गिऱ्हाईक एकच आले. मोटारसायकलच्या सायलेन्सरला चकाकी हवी होती. त्याला गुरुवारनंतर ये म्हणून सांगितले.

तू गेलास असे मी अकरा दिवस लोकांना सांगत आहे. हे वाक्य माझ्यापुरते बरोबर नाही. माझ्याकडून तू एकोणीस वर्षांपूर्वीच गेलास आणि तुला घालवले मी. सुमनचा नवरा आठ तारखेच्या शनिवारी गेला. तिचे दुःख स्वच्छ आहे. माझे तसे नाही, म्हणून घाटावर मी रडलो नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा माणूस आहे. तो गैरसमजही या कागदाने जावा.

तुझ्याबद्दल चांगले लिहावे, असे दिवसभर मनात होते. जमत नाही. जे लिहायला जातो ते माझ्याबद्दलच होते. एवढेच लिहितो की आपल्या दोघांत चाकाचे काम तुलाच येत होते. मला मोटार चालू करता येत होती. कोठे थांबायचे ते तुला माहीत होते. वादात तू बरोबर होतास. चाक नाव खाते. हे मान्य करायला मला तुझा दहावा लागला.

मघाशी तांब्यात बोट घालून पाहिले. उजवे आखूड पडते, डावे घातले. उठाव लागले. प्रथम काही समजेना, अक्षरे आतून उलटी असतात. तेल लावून, डोळे मिटून पुन्हा फिरवले. शेवटचे टिंब लागले. ते खरेच खाली आहे. बापाचा ठोका आत जसाच्या तसा आहे आणि बाहेर त्याच्यावर तुझा. या दोन्हींच्या मध्ये सव्वा वर्ष हा तांब्या कोरा होता. त्या सव्वा वर्षावर नाव माझे.

उद्या घासायला घेईन. अक्षरांतले काळे काढणार नाही.

तुझ्या खणात लाल दोऱ्याचे रीळ होते. ते मी फेकले नव्हते; का, ते सांगता येणार नाही. दोरा कुजला नव्हता. हातभर काढून तांब्याच्या गळ्याला बांधला. गाठ बोटांनी बसेना, दाताने ओढली. मोटारीचा पट्टा उतरवून खुंटीला लावला. वाडग्यात पाणी घेतले आणि चिंच भिजत घातली.